क्रायोमिलिंग म्हणजे गारठवून चुरा करणं नव्हे

क्रायोमिलिंग म्हणजे अतिथंड द्रवात धातूची पावडर दळणं. त्याबद्दल ‘द्रव नायट्रोजनमध्ये धातू ठिसूळ होतो, बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या माऱ्याने दळणाऱ्या गिरणीत) त्याचा चुरा होतो आणि शुद्ध नॅनो पावडर मिळते, जितकं जास्त दळाल तितकी बारीक’ हा दावा सगळीकडे फिरतो आहे. त्यात धड एवढंच, की द्रव नायट्रोजन लागतो.

ठिसूळपणाचं आधी. गारठ्यात साधं पोलाद ठिसूळ होतं. ॲल्युमिनियम, तांबं, निकेल उणे १९६ अंशांवरही लवचिकच राहतात. गोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, पुन्हा तुटतात. या चेपाचेपीत आत डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, साचतात आणि त्यांच्या जाळ्यांतून ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, नव्या सीमा तयार होतात. गरम धातूत ती डिसलोकेशन विरून जातात, थंडी ते रोखते. थंडीचं मुख्य काम हेच.

म्हणूनच ‘नॅनो पावडर’ हा शब्द फसवा आहे. ग्रेन २० ते ५० नॅनोमीटरचे, पण एकेक कण बहुधा दहा मायक्रॉनहून मोठा, आणि त्यात असंख्य ग्रेन. चाळणीवरून ग्रेन कळत नाही. तो एक्स-रे विवर्तनाच्या (स्फटिकांवरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या मोजणीच्या) आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून काढतात; त्या रुंदीतून उपकरणाचा आणि अंतर्गत ताणाचा वाटा वेगळा काढावा लागतो. तो न काढता केलेला हिशेब ग्रेन आहे त्याहून लहान दाखवतो.

शुद्धतेचं म्हणाल तर ॲल्युमिनियममध्ये नायट्रोजन शिरतोच, स्टीलच्या गोळ्यांचं लोखंड झिजून मिसळतं, आणि चिकटणं आवरायला घातलेल्या सुमारे ०.२ टक्के स्टिअरिक ॲसिडमधून कार्बन-हायड्रोजन येतात. नायट्रोजनमुळे बनणारे बारीक नायट्राइड कण पुढे ग्रेन वाढू देत नाहीत, ही भेसळ उपयोगाचीच. टायटॅनियमला मात्र नायट्रोजन ठिसूळ करतो. तिथे द्रव आर्गॉन घ्यावा.

वेळ वाढवूनही फार साधत नाही. ५०८३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूसाठी ॲट्रिटरमध्ये (फिरत्या दांड्याने गोळे ढवळणाऱ्या मिलमध्ये) मिनिटाला १८० फेरे, वजनाने पावडरीच्या सुमारे तीसपट गोळे आणि ८ तास ही नेहमीची मांडणी. ग्रेन एका मर्यादेला थांबतात, लोखंड मात्र वाढत राहतं.

दळून झाल्यावर थंड पावडर हवेत उघडली तर तिच्यावर दव धरतं. कोरड्या आर्गॉनखाली ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग निर्वातात साधारण ४०० अंशांवर डीगॅसिंग करावं, म्हणजे अडकलेले वायू काढावेत; नाहीतर पुढे दाबून घट्ट करताना हायड्रोजन सच्छिद्रता आणतो.

आणि साध्या प्लॅनेटरी मिलच्या (फिरत्या चकतीवर भांडी स्वतःभोवती फिरवणाऱ्या मिलच्या) बंद भांड्यात द्रव नायट्रोजन ओतण्याचा सल्ला तर धोकादायकच. एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद भांडं फुटतं; उघड्या भांड्यातून निघालेला वायू खोलीतला ऑक्सिजन घटवतो. वायू बाहेर नेणारी नळी आणि १९.५ टक्क्यांवर वाजणारा ऑक्सिजन अलार्म असल्याशिवाय मिल सुरू करू नये.