रक्ताचा तुटवडा टिकवायचाय? मग एवढं कराच

एप्रिल-मे आला की रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे, ही आपली जुनी परंपरा, ती अशी सहजासहजी मोडू द्यायची नाही. कॉलेजं बंद, अर्धी मुंबई गावाला आंबे खायला, म्हणजे अर्धं काम आपोआप होतं, पण सगळंच सुट्टीवर सोडून कसं चालेल, आपणही थोडा हातभार लावायला नको का.

तर पहिलं म्हणजे शिबिर वर्षातून एकदाच घ्यायचं, पण भव्य घ्यायचं. साहेबांचा वाढदिवस धरा आणि वॉर्डातल्या सगळ्या मंडळांनी मिळून एका दिवसात हजार-दीड हजार पिशव्या काढा. (लोक अजून 'बाटली' म्हणतात, म्हणू द्या.) आता तांबड्या पेशी टिकतात ३५ दिवस, पिशवीत जास्तीचं द्रावण असलं तर ४२, आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस, त्याही फ्रीजमध्ये नाही, २०-२४ डिग्रीला सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणजे त्या दिवशी पेढीवाल्याकडे ठेवायला जागा नाही आणि दीड महिन्याने उरलंसुरलं सगळं बाद. खरी कमाल तर पुढेच आहे, आज रक्त दिलेल्या पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस परत देता येत नाही, त्यामुळे एका दुपारात अख्खा वॉर्ड तीन-चार महिन्यांसाठी निकामी! दर रविवारी तीस-चाळीस जण येत राहिले तर हा सगळा घोळच होणार नाही, पण मग फ्लेक्सवर काय छापणार, 'या रविवारी ३४ पिशव्या'? साहेब काय म्हणतील.

भेटवस्तूत कंजूषपणा नको. सुप्रीम कोर्टाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त द्यायला बंदी आली, पण ती पैशाला, मिक्सरचं कुठे कोण बोललं? मुंबईत २०२०च्या डिसेंबरात एका शिबिरात रक्तदात्याला एक किलो चिकन होतं, शाकाहारी असाल तर पनीर, याला म्हणतात सर्वसमावेशक विचार. भेटवस्तूचा अजून एक फायदा असा की फॉर्म कोणी खरा भरत नाही. कावीळ झाली होती का? नाही. हल्ली टॅटू काढला का? नाही. काही औषध चालू आहे का? नाही हो, हेल्मेट कुठे मिळतंय ते सांगा.

बायकांच्या बाबतीत मात्र जरा जपून, कारण त्या खरंच देणाऱ्या असतात. आमच्या सोसायटीच्या शिबिरात शेजारच्या वहिनी हौसेने पहिल्या नंबरला उभ्या राहिल्या, बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मोरचूदाच्या निळ्या पाण्यात सोडला आणि तो बुडायचं सोडून वरच तरंगत राहिला, म्हणजे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. 'तुमचं नाही चालणार,' टेक्निशियन म्हणाला आणि पुढच्याचं बोट धरलं. बरोब्बर केलं. लोहाच्या गोळ्या घ्या, डॉक्टरला दाखवा, चार-सहा महिन्यांनी परत या असं काही बोलायचं नसतं, नाहीतर बाई खरंच परत येते आणि मग आयुष्यभर येतच राहते. बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा आणि वाटेला लावायचं. वहिनी त्यानंतर एकाही शिबिराला फिरकल्या नाहीत.

एवढं करून कधी स्वतःच्या घरात रक्त लागलंच तर घाबरू नका, 'दोन डोनर घेऊन या' ही पद्धत त्यासाठीच आहे. मागच्या मे महिन्यात मावशीच्या ऑपरेशनला रात्री अकरा वाजता आम्हाला हेच सांगितलं, मी पाकिटातलं लॅमिनेट केलेलं डोनर कार्ड काढून दाखवलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'काका, कार्ड आहे, पण फ्रीजमध्ये रक्त पाहिजे ना.' मग काय, मेव्हणा आणि त्याच्या ऑफिसचा शिपाई. ज्या पोरांना थॅलेसेमिया आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांच्या आईबापांनी एवढे मेव्हणे आणायचे कुठून हा प्रश्न आहे, पण तो आपला नाही.

ई-रक्तकोश नावाचं सरकारी पोर्टल आहे, कुठल्या पेढीत कुठल्या गटाचं किती रक्त आहे ते त्यावर दिसतं (पेढीवाल्याने भरलं असेल तर). तिकडे चुकूनही जाऊ नका. आपलं व्हॉट्सॲप आहे ना. 'अर्जंट, ओ निगेटिव्ह, पुणे' असा मेसेज आला की तारीख न बघता पाच ग्रुपवर टाकायचा आणि हात जोडलेला इमोजी लावायचा, झालं रक्तदान.

मी परवा टाकला आणि नंतर काय वाटलं कोण जाणे, खालचा नंबर लावला. एका बाईने उचलला. म्हणाल्या, 'अहो, ते दोन वर्षांपूर्वीचं, आमचा पोरगा आता शाळेत जातो. रोज दोन-तीन फोन येतातच अजून.' मी सॉरी म्हणून ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, 'थांबा, गट कुठला तुमचा? वहीत लिहून ठेवते, कोणाला ना कोणाला लागतंच.' म्हटलं, बी पॉझिटिव्ह. 'आणि शेवटचं दिलं कधी?'

मी म्हटलं, रेंज जातेय, आवाज येत नाहीये.