ठाण्यात हीटर कुणाला लागतो म्हणे!

"शेठ, ठाण्यात हीटर कुणाला लागतो?" आज सकाळी गॅरेजवाल्यानं हे तोंडावर फेकलं आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. अरे, गाडी काय मी कळवा नाका ते विटावा फिरवायला घेतलीये? नारायणगाव, ओतूरला माल भरायचा, रात्रीतून माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत पहाटे वाशी मार्केटला लावायची. गाडी ठाण्याची असली म्हणून घाट काय ठाण्याचा पासिंग नंबर बघून गारठा कमी करतो?

काल घाटात काचेवर आतून वाफ धरली. केबिनमध्ये आम्ही दोघं भाऊ, बाहेर डिसेंबरचा गारठा, वर धुकं. नॉब पार लाल खुणेपर्यंत फिरवला, ब्लोअर फुल केला, तर गुडघ्यावर गार वारा. धाकटा गमछ्यानं काच पुसतोय, दोन वळणं झाली की परत पांढरी. पुसलेल्या जागी ओघळ राहतात आणि समोरून गाडी आली की तिचा उजेड त्या ओघळांत फुटतो, कठडा कुठे आणि रस्ता कुठे कळत नाही. शेवटी खिडक्या उघड्या टाकून, कान बधिर करून उतरलो. आणि हा मला विचारतो हीटर कुणाला लागतो!

गाडी जुनी आहे, मान्य. पण हीटरमध्ये बिघडण्यासारखं आहेच किती? इंजिनात तापलेलं पाणी एका होसमधून, म्हणजे रबरी नळीतून, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरला (त्यालाच कोर म्हणतात) जातं, दुसऱ्यातून परत येतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. इंजिन तापलं की दोन्ही होसना हात लावून बघायचा. दोन्ही गरम असतील तर दोष हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपचा, त्याच्या केबलचा. एक गरम आणि एक गार, तर कोर तुंबलाय नाहीतर व्हॉल्व उघडत नाहीये. दोन्ही गार, तर पाणी कमी, हवा अडकलेली किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, गेलेला.

मी बॉनेट उघडून हात घातला तर तिथे दोन होसच नाहीत! होसचा एकच तुकडा, इंजिनातून निघून वळसा घेऊन परत इंजिनात, दोन्हीकडे क्लिपा आवळलेल्या. केबिनच्या पत्र्यातून बाहेर आलेली हीटरची तोंडं उघडी, एकात चिंधीचा बोळा कोंबलेला. उन्हाळ्यात पाणी गळतंय म्हणून याच गॅरेजला गाडी दिली होती. गळका होस बदलायच्या ऐवजी यांनी हीटरच तोडून टाकला. सांगितलं नाही, विचारलं नाही, बिलात मात्र "होस काम" लिहून पैसे घेतले.

मग म्हटलं थर्मोस्टॅट दाखव. दोन बोल्ट काढले, झाकण उचललं, आत काहीच नाही. रिकामी वाटी आणि कडेनं थापलेलं सिलिकॉन. "गाड्या गरम होतात ना शेठ, आम्ही सगळ्यांचेच काढतो." सगळ्यांचेच! तरीच तापमानाचा काटा इतके महिने खालीच पडलेला. तेव्हा विचारलं तर हाच म्हणाला होता, "चांगलंय की, गाडी थंड चालतेय." अरे, डिझेल इंजिन थंड चालायला बनवलेलं नाहीये! थर्मोस्टॅटवर ८२ नाहीतर ८८ असा आकडा कोरलेला असतो, तेवढे अंश तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे सोडायचं नाही म्हणून. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये गाळ धरतं, झीज वाढते. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापू शकते. ज्या रोगाला भिऊन काढता, तोच रोग लावून देता.

आणि चढावर काटा वर जायला लागला की जुने ड्रायव्हर काय करतात? खिडक्या खाली, हीटर फुल. तेवढीच इंजिनाची उष्णता बाहेर पडते. म्हणजे भर मे महिन्यात, ठाण्यातल्या ठाण्यातसुद्धा हीटर लागतो. हे गॅरेजवाल्याला मी शिकवायचं?

यांचं सगळं असंच. फ्यूज उडाला की तार गुंडाळा. वायपरच्या पाण्याची बाटली फुटली की काढून फेका. रेडिएटरमध्ये कूलंट घाला म्हटलं की "कशाला खर्च" म्हणत नळाचं पाणी. पार्टच्या दुकानात जावं तर डबा ओरिजिनल, आतला माल भलताच, आणि परत करायला गेलं की "एकदा बसवला की परत नाही". "चालतंय ना मग?" या तीन शब्दांनी किती गाड्यांची वाट लावलीये या लोकांनी!

दुपारी उभं राहून होस परत जोडून घेतले. इंजिन तापवलं. एक होस हात लावू देईना, दुसरा गार. तेच, कोर तुंबलेला. होस काढून उलट्या बाजूनं पाणी सोडलं तर विटकरी गाळ बदाबदा, त्यात गंजाचे पापुद्रे. ही त्या नळाच्या पाण्याची करामत. अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. नाहीच झाला तर कोर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार.

आणि आता हा होस जोडायची आणि थर्मोस्टॅट बसवायची मजुरी मागतोय! थर्मोस्टॅट माझ्या पैशानं आणला, पॅकिंगचेही देतो, कूलंटचा कॅन मी स्वतः घेऊन गेलोय. पण मला न विचारता जे काढलंस ते जागेवर लावायचा एक रुपया मिळणार नाही, असं तोंडावर सांगून आलोय. गाडी त्याच्या दारात उभी आहे आणि परवा रात्री ओतूरला माल भरायचाय.