मुखवटा काढ म्हणणाऱ्या सरांसाठी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझी भाची कॉमिक काढते. मोबाईलवर खाली खाली सरकवत वाचायचं असतं ते, वेबकॉमिक. फॅन्टसी आहे, डोंगरातलं एक राज्य, तिथे वयात येताना प्रत्येकाला एक मुखवटा मिळतो आणि तिथून पुढे लोक त्याला त्या मुखवट्याच्या नावानेच ओळखतात. तीन भाग झालेत, चौथा चालू आहे. कॉलेज करून, घरातली कामं करून, रात्री जागून काढते पोरगी. आज तिने ते एका क्लासमधल्या सरांना दाखवलं. सरांनी दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि म्हणाले, ड्रॉइंग चांगलं आहे पण मुखवटे काढून टाक, चेहरा दिसल्याशिवाय कॅरेक्टरला आयडेंटिटी येत नाही, वाचकाला आतला खरा माणूस बघायचा असतो.

आतला खरा माणूस! म्हणजे बाहेर दिसतो तो खोटा, असं आपण आधीच ठरवून टाकलं ना?

पोरगी घरी आली ती गप्प. जेवली नाही. मग मला म्हणाली मावशी, काढून टाकू का गं मुखवटे? तेव्हापासून माझं टाळकं सटकलंय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये माझं आजोळ नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातलं. तिकडे होळी झाली की गावोगाव बोहाडे, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून रात्री नाचायचे उत्सव, सुरू होतात, वैशाखापर्यंत चालतात. रात्रभर सोंगं निघतात, आधी गणपती, मग सारजा म्हणजे सरस्वती, मग एकेक करत नरसिंह, त्राटिका, वेताळ, रावण, आणि शेवटी पहाटे जगदंबा आणि महिषासुराची लढाई. संबळ, पिपाणी, पुढे टेंभेवाले. आमच्या गावात एकेक सोंग एकेका घराकडे असतं आणि आमच्या घराकडे जगदंबा. ती नाचवायचा माझा मामा. मामा म्हणजे नाशकात अंबडला कंपनीत कामाला, चार माणसांत बोलताना मान खाली, साहेबापुढे तर आवाजच फुटत नाही असा माणूस. मुखवटा लाकडाचा, जड, डोळ्यांना नुसती भोकं. त्यातून समोरचं धड दिसतही नाही, टेंभ्याच्या उजेडावर पाय टाकायचे.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. मुखवटा बांधून मामा अंगणातून निघाला आणि माझी आजी, म्हणजे त्याची सख्खी आई, पुढे आली, पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि डोकं टेकवलं. स्वतःच्या पोराच्या पायावर. मी आईला विचारलं पण की आजी मामाच्या पाया का पडतेय, तर आईने मला गप्प केलं, म्हणाली मामा कुठंय इथे?

त्या सरांना मला हेच विचारायचंय. मामा कुठं होता तेव्हा? आत लपला होता का? आजीला माहीत नव्हतं का की हा आपला पोरगा आहे, तिनेच तर त्याच्या डोक्याला फडकं गुंडाळून दिलं होतं मुखवटा टोचू नये म्हणून! सगळं माहीत असून ती वाकली. आणि सकाळी मुखवटा उतरवल्यावर तीच आजी त्याच्यावर ओरडत होती, अरे जेव ना आता, रातभर उपाशी आहेस. दोन्ही खरं होतं. रात्रीची देवी पण खरी आणि सकाळचा उपाशी पोरगा पण खरा, एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं नाही.

बरं हे फक्त आमच्या पाड्यावर चालतं असंही नाही. त्र्यंबकेश्वरला दर सोमवारी पालखी निघते कुशावर्तावर, त्यात देवाचा पंचमुखी मुखवटा असतो. आत गाभाऱ्यात पिंडीच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा विष्णू महेश. पालखी आली की रस्त्यावरचा माणूस मुखवट्याला हात जोडतो, थांबा आधी खरा देव दाखवा असं कोणी म्हणत नाही. जेजुरीला, आपल्या घरातल्या देवघरात, महालक्ष्म्यांना, सगळीकडे मुखवटेच पुजतो की आपण. आणि कॉमिकमधल्या पोरीने मुखवटा घातला की तिला आयडेंटिटी नाही!

कोणीतरी वणीच्या देवीचं उदाहरण देईल म्हणून आधीच सांगते. हो, 2022 मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला, हजार किलोच्या वर निघाला आणि आतलं जुनं रूप दिसलं. माझी आई टीव्हीवर बघून रडली होती आनंदाने. ठीक आहे, काढल्यावर काहीतरी दिसलं, मान्य. पण त्याआधी इतकी वर्षं आई चैत्रात गडावर जायची, शेंदराने माखलेल्या त्या मोठाल्या डोळ्यांकडे बघून बोलायची, ते सगळं काय वाया गेलं? आईला विचारा. ती म्हणेल दोन्ही आईच.

आता कॉमिकचंच बोलू, कारण सर म्हणाले इंटरनॅशनल लेव्हलला असं चालत नाही. सरांनी वाचलंय का काही? 2013 पासून चालू झालेलं किल सिक्स बिलियन डेमन्स नावाचं वेबकॉमिक आहे, भाचीनेच मला दाखवलं, इंग्लिशमध्ये आहे, मला अर्धं डोक्यावरून जातं पण मी वाचते. त्यातले डेव्हिल म्हणजे मुळात नुसती काळी आग. त्या आगीला मुखवटा मिळतो, नाव मिळतं, तेव्हा कुठे तो कोणीतरी होतो. मुखवटा गेला तर खाली चेहरा नाहीये, परत आगच. म्हणजे तिथे मुखवटा माणूस झाकत नाही, मुखवट्यामुळे तो माणूस उभा राहतो. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर मामा होता, दुसरं कोणी नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कोणाला तरी हे सुचतं आणि नाशकात बसून आपल्याला कळत नाही, बोहाडा आपल्यापासून दोन-तीन तासांवर असून!

सरांचा एक मुद्दा बरोबर आहे, तेवढा देते. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर चेहऱ्यावरचे भाव वाचकाला पटकन पकडतात, आणि मुखवट्याला भाव बदलता येत नाहीत. बरं. पण मग बोहाड्यात रात्रभर शे-दोनशे माणसं जागी का राहतात? लाकूड काय हलतं का? मामा मान जरा खाली घालायचा आणि टेंभ्याची सावली भुवईखाली पडायची की देवी चिडलेली दिसायची. मान वर केली की तीच देवी शांत. खांदा पुढे टाकून दोन पावलं पुढे, एक मागे, की समोरची पोरं पळत सुटायची. सगळा अभिनय मानेत, खांद्यात, पायात, आणि उजेड कुठून येतो त्यात. आणि माझ्या भाचीने नेमकं हेच काढलंय! दुसऱ्या भागात एक चौकट आहे, मुखवटा तोच, एक रेघ बदललेली नाही, फक्त मान झुकलीये आणि उजेड खालून आहे, आणि बघताना पोटात कालवतं. सर त्यावरून अंगठा फिरवून पुढे गेले. दोन मिनिटांत काय दिसणार.

आता जरा शांत झालेय. सर वाईट नसतील, त्यांना कोणीतरी असंच शिकवलं असेल, आणि शिकवणाऱ्यालाही. मुखवटा लावून फसवणारी माणसं जगात आहेत, मी काय दुधखुळी नाहीये, त्यांचे मुखवटे खुशाल ओढा. पण काही माणसांना मुखवट्याआड जागा मिळते. माझ्या मामाला वर्षातून एकदा ताठ चालायला मिळायचं, आख्खं गाव वाट सोडायचं, आणि ती ताठ मान त्याचीच होती हो, कुठून भाड्याने नव्हती आणली. त्याला कंपनीच्या गेटवर बघून कोणी म्हणालं असतं हा खरा मामा आणि तो रात्रीचा खोटा, तर मी भांडले असते. बोहाड्याला शहरातून कॅमेरे घेऊन येणारे पण तेच करतात, दादा मुखवटा काढा ना एक फोटो असली चेहऱ्याचा. सोंग अंगात असताना! मामाने एकदाही काढला नाही. आजी मध्ये उभी राहायची.

भाचीला मी सांगितलंय, एकही मुखवटा काढून टाकायचा नाही. शेवटच्या भागात तुला स्वतःला वाटलं काढावा तर काढ, ते तुझं. कोणाला चेहरा बघायची घाई आहे म्हणून नाही. जेवली नंतर. आता परत टॅब घेऊन बसलीये.

तिला चौथ्या भागात पाच-सहा नवीन मुखवटे रेखाटायचेत. पेठ, सुरगाणा, हरसूल, जव्हार, मोखाडा, जिकडे कुठे तुमच्या घराकडे सोंग आहे त्यांनी खाली लिहा कुठलं आहे ते. फोटो टाकू नका, फोटो खूप मिळतात. ते सोंग चालतं कसं ते लिहा, पाऊल कुठून उचलतं, मान कधी फिरवतं, कुठल्या तालावर थांबतं. तिला तेच हवंय.