ट्रकच्या शॉटखाली खोकतंय कोण?

आज बाबासाहेबांवरचा एक नवा माहितीपट पाहिला आणि डोकं फिरलं. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

अंत्ययात्रेचं जुनं चित्रण येतं. दादरच्या राजगृहावरून, म्हणजे बाबासाहेबांच्या घरून निघालेला ट्रक, नजर जाईल तिथवर डोकी. त्या शॉटचं या लोकांनी काय केलंय? आडवा ताणलाय, रंग भरलेत, वेग निम्मा केलाय, वर बासरी. बासरीखाली गर्दीचा आवाज, आणि त्या आवाजात दर दहा-बारा सेकंदांनी एकच माणूस खोकतो. तोच खोकला, त्याच ठिकाणी. कुठल्या तरी साउंड लायब्ररीतला गर्दीचा तुकडा उचलून लूपवर टाकलाय. 7 डिसेंबर 1956 च्या दादरमध्ये!

ताणण्याचं आधी बोलू. जुनी फ्रेम चारास तीनची, आजचा पडदा सोळास नऊचा. ती ओढून बसवली की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. न ताणता कापून बसवली तर उंचीतला पाव भाग जातो, म्हणजे एक तर डोकी जातात नाही तर पाय. मग करायचं काय? काहीच नाही! 1920 बाय 1080 च्या टाइमलाइनवर ते चित्र 1440 बाय 1080 ठेवायचं, दोन्ही बाजूंना 240 पिक्सेलची काळी पट्टी सोडायची, झालं. पण काळी पट्टी दिसली की निर्मात्याच्या पोटात दुखतं.

रंगाचं तर विचारूच नका. करड्या रंगाची एक छटा लाल लुगड्याचीही असू शकते आणि हिरव्याचीही. सॉफ्टवेअर अंदाज ठोकतं, आणि तोही भलत्याच फोटोंवर शिकून. याच फिल्ममध्ये 14 ऑक्टोबर 1956 च्या, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या फोटोंत बायकांना गुलाबी, निळी पातळं नेसवलीत. अरे, त्या दिवशी पांढरे कपडे घालून या असं सांगितलं होतं! माणसांनी कुठून कुठून पैसा उभा करून पांढरं वस्त्र घेतलं. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ती गोष्ट अजून सांगतात. तुम्ही एका क्लिकवर ती पुसलीत.

रंगीत असलं की पोरं बघतात म्हणे. बघत असतील, मान्य. मग कोपऱ्यात ‘रंग संगणकाने भरले आहेत’ एवढी ओळ टाका. तेवढीही दिसली नाही.

आता वेग. सेकंदाला 24 फ्रेम. निम्म्या वेगाने चालवायच्या तर एक तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची, मग चालणारी माणसं झटके देत जातात. नाही तर संगणकाकडून मधल्या फ्रेम बनवून घ्यायच्या. हे दुसरं केलं की ट्रकच्या कठड्यावरची बोटं एकमेकांत वितळतात. आज वितळली. परत मागे घेऊन पाहिलं, एका माणसाच्या हाताला काही क्षण बोटंच नाहीत.

त्या दिवशी नामदेवराव व्हटकरांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकून अंत्ययात्रेचं चित्रण केलं होतं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट जाते, चारशे फुटांचा रोल साडेचार मिनिटांत खलास. चावीच्या कॅमेऱ्याची स्प्रिंग तर अर्धा मिनिटही धड टिकत नसे, म्हणून त्या काळचे असे शॉट आखूड असतात. फूट न् फूट मोजून बटण दाबायचे दिवस होते ते. आणि आवाज? असल्या कॅमेऱ्याला आवाज नव्हताच. रीळ मुकं आहे, तर मुकंच दाखवा ना! एवढी लाखो माणसं, आणि पडद्यावर आवाज नाही. ते सोसवत नाही म्हणून खोकला भरायचा?

पुढे एक आजी येतात. दीक्षेला पोरगी होत्या, नागपूरला कशा पोचलो ते सांगायला लागतात. वाक्य अर्ध्यात असताना त्यांचा आवाज खाली जातो, बासरी वर येते आणि ड्रोन दीक्षाभूमीच्या स्तूपावरून फिरायला लागतो. हा स्तूप 2001 साली खुला झाला. 1956 ला तिथे मोकळं मैदान होतं. ते मैदान ज्यांनी पाहिलंय त्या समोर बसून बोलतायत, आणि तुम्ही ड्रोन उडवताय!

ड्रोन आणि बासरीचा हा रोग सगळीकडे आहे. विपश्यनेवरची फिल्म घ्या, मिटलेले डोळे आणि बासरी. मिटलेल्या डोळ्यांत कॅमेऱ्याला काही दिसत नाही. दिसतं ते शिबिराच्या दहाव्या दिवशी, मौन सुटल्यावर माणसं बोलायला लागतात तेव्हा. कुष्ठसेवेवरची घ्या, जोडलेले हात आणि सूर्यास्त. बधिर हाताला चटका कळत नाही, जखम कळत नाही, म्हणून अवजाराची मूठ जाड करावी लागते, औषधं प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने नेटाने घ्यावी लागतात, हे कोण दाखवणार? माणूस मोठा कशाने झाला तेच गाळायचं आणि वर हार घालायचा.

बजेट नसतं, हेही खरं. पण ड्रोनला होतंच की.

असो. चिडून काय होणार? दीक्षेच्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरात, गल्लीत असं कोणी असेल तर फिल्मवाल्यांची वाट बघू नका. मोबाइल पुरतो. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी लावून घ्या. सकाळची वेळ धरा, दुपारनंतर आवाज थकतो. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत, पदर त्यावर घासत नाही ना हे आधी ऐकून बघा. पोतीचे मणीही वाजतात. फोन एअरप्लेन मोडवर, नाही तर नेमका फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नको, त्याला सगळे ‘लई भारी’ म्हणतात. कोणाबरोबर गेलात, भाकरी किती बांधल्या, झोपलात कुठे, तिकिटाचे पैसे कोणी दिले, हे विचारा. उत्तर संपलं की पाच सेकंद गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या पाच सेकंदांनंतर येते. शेवटी अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यं जोडायला तोच लागतो, मग लायब्ररीतली गर्दी शोधावी लागत नाही.

आणि माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील, दीक्षेच्या सभांच्या, गायन पार्ट्यांच्या, तर टेपवर पांढरी बुरशी आहे का ते आधी उजेडात बघा. असेल तर उत्साहाने व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते, टेप ओरबाडली जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. वेगळ्या कोरड्या डब्यात उभी ठेवा आणि साफ करणाऱ्याकडेच न्या. उतरवून घेतलीत की मूळ कॅसेट फेकू नका. आणि उतरवणाऱ्याला बजावून सांगा, ताणू नको, रंगवू नको, बासरी घालू नको.

जय भीम.