कूलरचं तोंड कुणाकडं?

परभणीत मे महिन्यात पारा 42च्या पुढं सरकला की कुठल्याही हाफिसात दोनच पक्ष उरतात: कूलरसमोरचे आणि कूलरच्या बगलेचे. पगार, संघटना, सेवाज्येष्ठता हे सगळं त्यानंतर.

मला विचाराल तर कूलर बिचारा भोळा. टाकीतली मोटर पाणी वर चढवते, बारीक भोकांच्या नळीतून ते तिन्ही बाजूंच्या गवतावर उतरतं. आपलं बोअरचं पाणी पडलं जड. महिनाभरात क्षार बसून दोन-चार भोकं बुजतात, गवतावर कोरडा पट्टा उमटतो, तिथून गरम वारं आत शिरतं आणि सगळीच हवा कोमट होते. पंखा तिन्हीकडची हवा घुसळूनच फेकतो; त्याला आवक-जावक आणि लेखा यांतला फरक कळत नाही. पण आवकवाल्यांना विचारा! "आमच्याकडंच गरम येतंय. लेखावाल्यांनी बडेबाबूंना धरलंय." टाचणीनं भोकं मोकळी केली तर पाच मिनिटांचं काम. ते करायचं शिपाईमामांनी, आणि सकाळच्या चहाला मामांना कुणी विसरलं होतं, हे मामा विसरलेले नसतात.

खिडकीचंही तसंच. कूलरला समोरची खिडकी वीतभर उघडी लागते. नाहीतर दमट हवा कोंडते, अंग चिकचिकतं, फायली मऊ पडतात. पण नव्यानं बदलून आलेल्यानं ती उघडली की तो 'आपली गार हवा बाहेर सोडणारा'. जुन्या मॅडमनी उघडली तर, "बरं केलंत मॅडम, कोंदट झालं होतं."

मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी अॅडम्सनं 1963 साली मांडलंय की माणूस आपल्या कष्टाचा आणि मोबदल्याचा हिशोब दुसऱ्याच्या हिशोबाला लावून बघतो. खरंय. फक्त तो दुसरा शेजारच्या टेबलावरचाच लागतो. केबिनमधल्या साहेबांच्या एसीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ते हवामान झालं.

यावर कुणीतरी पाळीचा कागद काढतं: दर अर्ध्या तासानं पट्ट्या फिरवायच्या. कागद साहेबांच्या सहीनं आला की घड्याळं जुळवून भांडणं. आणि बडेबाबूच उठून पट्ट्या वळवत "काय भाऊ, हवा लागती का?" म्हणाले, तर दुपारी दोनलाच टाकी कोरडी पडून नुसता पंखा गरगरत असला तरी उत्तर येतं,

"लई गार आहे, बाबूजी."