पालकांची सही

आमच्या शाळेत वर्षातले तीन दिवस हजेरीपटावर विश्वास ठेवता येत नाही: गावची जत्रा, भातलावणीचा पहिला दिवस आणि सुईचा दिवस. जत्रेला आणि लावणीला पोरं निदान सांगून गायब होतात. सुईच्या दिवशी मात्र वर्षभर साधं पडसं न झालेल्यांच्याही पोटात सकाळी आठलाच कळा यायला लागतात.

आमची शाळा कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर भागातली, मराठी. आवारातच हायस्कूल. टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची सुई दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी असते, म्हणजे पाचवी आणि दहावी ही दोन्ही गिऱ्हाइकं एकाच कौलांखाली सापडतात. आरोग्य खात्याला हे फार सोयीचं. आणि सगळं जमवून आणायला मी सोयीचा, कारण 'मुलांशी बोलायची हातोटी' माझ्याकडे आहे असं मुख्याध्यापकांचं मत. नकार देण्याची हातोटी नाही, हे त्यांना जास्त पक्कं ठाऊक आहे.

आधी कागद आले, कन्नडमध्ये. वर ठळक अक्षरात 'ओप्पिगे पत्र'. ओप्पिगे म्हणजे संमती. मी मजकूर मराठीत करून फळ्यावर लिहिला: 'धनुर्वात आणि घटसर्प यांपासून संरक्षण'. पोरांनी त्यातला फक्त सर्प घरी नेला. रात्री एका आईचा फोन. "ओ सर, सापावरची सुई आत्ताच कशाला? चावला तर बघू की!" घटसर्प हा घशाचा रोग, त्यात साप कुठंच नसतो, हे पटवायला माझा अर्धा तास गेला. भाषेनं नावं ठेवताना थोडा शाळेचा विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी एक वडील थेट वर्गातच. "पोराला खिळा लागला नाही, काही नाही. मग धनुर्वाताची सुई आधीच कशाला ओ?" प्रश्न बिनतोड होता. मी सांगितलं, तान्हेपणी तीन डोस झाले, मग दीड वर्षाला, मग पाच वर्षाला; पण त्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून पुन्हा. "म्हणजे रिचार्ज," ते म्हणाले आणि सही करून गेले.

47 कागदांपैकी 46 परत आले. एकावर आजीचा अंगठा. एकावर वडिलांची सही होती, पण 'सूर्यवंशी'मधला सू ऱ्हस्व. असा ऱ्हस्व सू माझ्या वर्गात एकच जण काढतो. त्याला बाहेर बोलावलं तर म्हणाला, "सर, मी तर होयच म्हटलंय की!" तेही खरं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही करून कोणी सुई मागत होतं. खरी सही आणायला मी त्याला घरी पाठवला.

पोरांची भीती घालवायला मी आदल्या दिवशी एक चूक केली: इतिहास सांगितला. म्हटलं, बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे ना, जिथं लोक फिरायला जातात, तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची. वासरांच्या अंगावर ती वाढवायचे. ती टोचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर अजून नाण्याएवढे वण दिसतात. आणि ती देवी आज जगात उरलेली नाही. वर्ग एकदम गप्प. मला वाटलं, जिंकलो. मग मागून आवाज आला, "सर, उद्या वासरू पण येणार काय?"

सुईच्या दिवशी वासरू आलं नाही. भर पावसात दुचाकीवरून नर्सबाई आल्या आणि त्यांच्या मांडीवर निळी पेटी. पाचवीतल्या दोघांनी ती कुल्फीची समजून स्वागत केलं. आत बर्फाच्या पट्ट्यांत लस, दोन ते आठ अंशांत राखलेली. त्यांना बसायला मी सामानाची खोली उघडली. कडी गंजलेली, जोर लावला तर ती निघाली आणि माझं बोटही सोलवटून निघालं. रुमाल बांधला आणि रांग लावायला गेलो.

सुई कोणाला दिसत नव्हती, मध्ये पडदा होता. खरा घात केला तो आवाजानं. प्रत्येक सुई झाली की नर्सबाई ती एका छोट्या यंत्रात घालून कापतात, परत कोणी वापरू नये म्हणून. तिचा 'कट्' असा आवाज येतो. रांगेतल्यांना आधी "आई गं" ऐकू यायचं आणि मग कट्. "सर, आत काय कापायलेत ओ?" रांग दोन हात मागं सरकली.

पाचवीच्या पोरी मात्र पटापट जाऊन आल्या. नर्सबाई "अंजबेड", म्हणजे घाबरू नको, म्हणायच्या, पोरगी खिडकीकडं बघायची, तेवढ्यात "आतु, होगु." झालं, जा. अडलं ते दहावीत. आमचा कबड्डीचा कॅप्टन, चौघांना ओढत रेषेला हात लावणारा, त्याला पडद्याआड न्यायला दोघं लागले. बाहेर आला तो पांढराफटक. "चक्कर यायलीय सर." त्याच्या पाठोपाठ सुई न झालेल्या तिघांनाही यायला लागली. चक्कर खोकल्याहून लवकर पसरते. सगळ्यांना अर्धा तास वऱ्हांड्यात बसवलं, कॅप्टनला आडवा केला, पाय दप्तरावर. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होतो, "अरे मर्दा, मुंगी चावल्यासारखं असतंय."

शेवटी नर्सबाई नोंदी करत होत्या. मी सही करायला पेन धरला आणि त्यांची नजर रुमालावर गेली. कशानं लागलं? कडीनं, मी म्हणालो. गंजलेली? याआधीची सुई कधी? मी आठवायचा प्रयत्न केला. डीएडला होतो तेव्हा कधीतरी. त्यांनी पेटीचं झाकण परत उघडलं.

"कूड्री सर." म्हणजे बसा.

मी घड्याळ बघितलं, पोषण आहाराचं काम आठवलं. पण पडदा कोणीतरी बाजूला केला होता आणि खिडकीच्या गजांना पाचवी आणि दहावी एकत्र लटकली होती. कॅप्टनच्या गालांवर आता चांगला रंग आला होता.

"नर्सबाई, थांबा," तो म्हणाला. "सर, तुमच्या पालकांची सही कुठाय?"