तिऱ्हाईत कोण?

गेल्या सोमवारी सकाळी माझ्या कार्यालयीन संगणकाचा पासवर्ड अडकला आणि तो सोडवून घेण्यात माझे पावणेतीन तास गेले. पासवर्ड सगळ्यांचेच अडकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा कर्मचारी आहे, मला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही हे माझ्या खात्याच्या दप्तरी अकरा वर्षांपासून नोंदलेले आहे, आणि तरीही पासवर्ड बदलून देणाऱ्या मदतकक्षापर्यंत पोहोचण्याचा एकमेव मार्ग म्हणजे फोन, ही माझी तक्रार आहे.

ऐकू न येणाऱ्यांनी फोन कसा करायचा, याचे उत्तर या देशाने 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यातच देऊन ठेवले आहे. त्याला रिले सेवा म्हणतात. 711 हा क्रमांक फिरवला की ती देशात कुठूनही मिळते, आणि माझ्यासारख्याला ती इंटरनेटवरूनही वापरता येते. मी टंकतो, मधला सहायक ते पलीकडच्या माणसाला वाचून दाखवतो, पलीकडचा बोलतो ते मला टंकून पाठवतो. या सहायकाने शब्दन् शब्द पोहोचवायचा असतो. त्याला संभाषण आटोपते घेता येत नाही आणि ऐकलेले कुठे बोलताही येत नाही, कारण गुप्ततेचे बंधन त्याच्यावर कायद्यानेच घातलेले आहे.

व्यवस्था उत्तम आहे. फक्त पलीकडच्याने फोन ठेवून देता कामा नये.

पहिल्या वेळी मदतकक्षाने फोन ठेवला, कारण अनोळखी आवाज ‘ही रिले सेवा आहे’ अशी ओळख करून देऊ लागला की लोकांना तो काहीतरी विकणारा वाटतो. दुसऱ्या वेळी माझे वाक्य टंकून होईपर्यंतची शांतता त्यांना सोसली नाही. तिसऱ्या वेळी मात्र एका अत्यंत सभ्य गृहस्थांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग, लाइनवर तिऱ्हाईत व्यक्ती असल्यामुळे सुरक्षेच्या नियमानुसार आपण काहीही करू शकत नाही, असे कळवले. ते वाक्य माझ्या मोबाइलच्या पडद्यावर एकेक शब्दाने उमटत गेले आणि शेवटी, आता तुम्ही बोला अशी खूण म्हणून, सहायकाने ‘जीए’ लिहिले. काय बोलणार, कपाळ?

हे खासगी दुकानदाराने केले असते तर मी अज्ञान म्हणून सोडून दिले असते. पण हे सरकार आहे, आणि या सरकारकडे आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र रिले सेवा होती. जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे सरकारी कार्यालयांना सोयी पुरवणारी संस्था, ती चालवीत असे आणि त्यात बैठकांचे बोलणे माणसाकडून टंकून मिळण्याची सोयही होती. फेब्रुवारी 2022 मध्ये ती बंद झाली. सर्वसामान्य नागरिकांची रिले सेवा वापरा आणि बैठकांच्या टंकनाचे प्रत्येक खात्याने आपापले पाहा, असे ठरले. आमच्या खात्याने काय पाहिले? ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढेच. तोवर बैठकीत बोलणे ऐकून यंत्राने पडद्यावर उमटवलेल्या मजकुरावर भागवायचे, ज्यात माझे आडनाव कुलकर्णी न राहता कधी ‘कूल कार्नी’ होते तर कधी सरळ गाळले जाते, म्हणजे प्रश्न मला विचारला होता हे मला इतरांच्या माना वळल्यावर समजते.

मनुष्यबळ विभागातील बाईंनी यावर सुचवले की मी व्हिडिओ रिले घ्यावे. त्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी असतो, आणि भाषा असते अमेरिकन सांकेतिक. माझे बालपण साताऱ्यात गेले, कान गेले एकतिसाव्या वर्षी. त्या बाईंना जेवढे मराठी येते तेवढी मला ती सांकेतिक भाषा येते. बहिरा म्हटले की हातवारे आलेच पाहिजेत, ही समजूत सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही. आणि वर्षातून एकदा हाच विभाग आम्हा सगळ्यांना 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 508 चे प्रशिक्षण देतो, ज्यात सरकारी तंत्रज्ञान अपंग कर्मचाऱ्यांना वापरता आलेच पाहिजे, असे शिकवतात. मला त्या परीक्षेत दरवर्षी पैकीच्या पैकी गुण मिळतात.

शेवटी पासवर्ड सुटला तो असा. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने माझी दया येऊन मदतकक्षाला फोन लावला आणि बेधडक माझे नाव सांगून ‘मीच बोलतोय’ म्हणाला. मी त्याच्या बाजूला उभा राहून माझी जन्मतारीख आणि कर्मचारी क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे धरीत होतो. चार मिनिटांत काम झाले. लाइनवर तिऱ्हाईत आहे का, हे त्याला कोणीही विचारले नाही.